हप्ता लहान म्हणजे गाडी स्वस्त नव्हे

पाडवा जवळ आला की कोल्हापुरात उद्यमनगरच्या चहाच्या गाड्यावर हेच ऐकू येतं : "सात वर्षांचं कर्ज काढ, गाडी स्वस्तात पडते." हे साफ चूक आहे. ६ लाखांचं कर्ज ९ टक्के व्याजानं पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये, व्याज १.४७ लाख. सात वर्षांसाठी हप्ता ९,६५३ वर येतो खरा, पण व्याज २.११ लाखांवर जातं. तीच गाडी, जवळपास ६४ हजारांनी महाग! उसाच्या बिलावर घर चालवणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. बिल दरमहा येत नाही, हप्ता येतो. शिवाय शोरूमच्या किमतीवर दहा लाखांच्या आतल्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो. विमा आणखी वेगळा.