किट कार: करातून सुटलेली गाडी, कागदात अडकलेली गाडी

सांगाडा, बॉडी आणि काही खास भाग एका ठिकाणाहून घ्यायचे, इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल एखाद्या जुन्या गाडीचे उतरवायचे आणि सगळं आपल्या शेडमध्ये जोडायचं, म्हणजे किट कार. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात यात कुणाला अशक्य काही वाटत नाही. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत लेथ आहेत, ओतकाम आहे, पत्रा वाकवणारे आणि वेल्डर हाकेच्या अंतरावर आहेत. इथे कारागिरीची अडचण कधीच नव्हती. अडचण येते ती नोंदणीच्या कागदांपाशी, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे.

किट कार वाढली ती ब्रिटनमधल्या एका कराच्या नियमामुळे. तिथे तयार गाडीवर भरमसाट खरेदी कर असे, सुट्या भागांवर तो लागत नसे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५२ पासून मार्क सिक्स आणि १९५७ पासून सेव्हन ही गाडी सुट्या भागांत विकली. सेव्हनची रचना मुद्दाम साधी ठेवलेली होती: नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि किटचा फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. गाडी मात्र टिकली. पुढे तिच्याच धर्तीवर घरगुती सांगाडे बनू लागले आणि त्यांना फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन व मागचा एक्सल, तर पुढे फोर्ड कॉर्टिनाचे नकल, म्हणजे पुढचं चाक ज्यावर बसतं ते भाग, बसू लागले. अमेरिकेत १९६४ मध्ये ब्रूस मेयर्स यांनी फोक्सवॅगन बीटलचे भाग आणि फायबरची बॉडी वापरून मँक्स ही बग्गी केली. तिच्या स्वस्त नकला इतक्या निघाल्या की मूळ धंदाच बसला.

भारतात उलटं घडलं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने येत आणि गाडी इथे जोडली जाई. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भागही इथेच बनले पाहिजेत. १९५३-५४ च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड बाहेर पडल्या. देशी उद्योगासाठी हे धोरण गरजेचं होतं. पण त्यानंतर गाडी बनवणं म्हणजे परवाना, कोटा आणि कारखाना असं समीकरण बसलं आणि एकट्या माणसाला त्यात जागा उरली नाही.

याची किंमत सीमाभागाला जवळून माहीत आहे. निपाणीहून तासाभराच्या आत असलेल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये छोट्या गाडीचा पहिला नमुना उभा केला आणि पुढची वीसेक वर्षं सुधारत नेला. इंजिन मागे असलेली ही 'मीरा' रस्त्यावर धावली, कारखान्यात कधीच गेली नाही. बंगळुरूच्या सिपानीने १९८२ मध्ये ब्रिटनच्या रिलायंट किटनवरून फायबर बॉडीची डॉल्फिन आणली. पाठोपाठ डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि डॉल्फिनचा टिकाव लागला नाही. अलीकडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं, ती नियमांत बसत नसल्याचंही सांगितलं, आणि २०२२ च्या जानेवारीत त्या बदल्यात बोलेरो दिली. कौशल्य आणि कायदा यांतलं अंतर यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

नियम असा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. एका गाडीसाठी हा खर्च कुणालाच झेपत नाही. जुन्या गाडीत फेरफार करायचे तर १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे मारुती ओम्नीचं आरसी बुक हातात आहे म्हणून नळ्यांच्या सांगाड्यावर तोच नंबर लावता येत नाही. हा सल्ला अनेक गॅरेजांत मिळतो आणि तो चुकीचा आहे.

मग पहिल्या गाडीसाठी दोन रस्ते उरतात. पहिला, कागद असलेली जुनी जीप, उदाहरणार्थ महिंद्राची एमएम ५४०. तिची बॉडी शिडीसारख्या चासीवर बोल्टने बसते, त्यामुळे पूर्ण उकलून तिच्याच चासीवर, मूळ मापाच्या पॅनेलनी ती पुन्हा उभी करता येते. किट जोडण्याचं जवळजवळ सगळं शिक्षण यात होतं. घेण्याआधी चासीवर ठोकलेला नंबर आरसीशी ताडावा आणि मागच्या लीफ स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर हातोडीने वाजवून पाहावेत, कारण गंज आधी तिथे खातो. गाडी कोल्हापूरची असेल तर विकणाऱ्याकडून फॉर्म २८ वर ना-हरकत घ्यावी. एमएच ०९ ची गाडी बारा महिन्यांहून जास्त कर्नाटकात ठेवली की इथला नंबर घ्यावाच लागतो, आणि उकललेली गाडी तपासणीला नेता येत नाही. म्हणून आधी कागद, मग पाना.

दुसरा रस्ता, बंदिस्त आवारापुरती सेव्हन पद्धतीची गाडी. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेलं वाहन कायद्यातल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतूनच वगळलं आहे. शेताच्या बांधावरचा मोकळा रस्ता हे काही बंदिस्त आवार नव्हे. इंजिनासाठी मारुती ओम्नी सोयीची: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं इंजिन, सुमारे ३५ अश्वशक्ती, आणि मागच्या चाकांना ताकद. ती कापायची असेल तर नोंदणी रद्द करून घ्यावी. कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत कळवावं लागतं.

सांगाड्याला २५ बाय २५ मिलिमीटर, १.६ जाडीची चौकोनी नळी लागते. सहा मीटरच्या एका नळीचं वजन सुमारे सात किलो, अशा आठ ते दहा धराव्यात. काम सपाट टेबलावर करायचं, फरशीवर नाही. सगळे जोड आधी फक्त टॅक करायचे, म्हणजे ठिपक्यापुरतं वेल्डिंग, दोन्ही कर्ण मोजायचे, फरक दोन मिलिमीटरच्या आत असेल तरच पूर्ण वेल्डिंग. तेही एका टोकाकडून सलग नाही, समोरासमोरच्या जोडांवर आलटून पालटून, कारण वेल्ड थंड होताना नळीला ओढतं. नळ्यांची उघडी तोंडं बंद करावीत. खानापूरकडच्या पावसात त्या आतून गंजतात आणि बाहेरून कळतही नाही.

खरी कसोटी पुढच्या चाकांपाशी. कॉर्टिनाच्या नकलला वर आणि खाली, दोन्हीकडे बॉल जॉइंट होता. ओम्नीच्या नकलवर शॉकअप थेट बसतो, वरचा बॉल जॉइंट नाहीच. दुहेरी हातांची रचना, म्हणजे नकलला वरून आणि खालून धरणारे दोन हात, करायची तर मध्ये एक जोडतुकडा लागतो. बेळगावात इथे मोह होतो तो ओतून घेण्याचा. तसं करू नये. साधं बीड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं आणि चाक निखळतं. हा तुकडा ईएन २४ या मजबूत पोलादाच्या सळईतून लेथवर काढावा आणि डाय पेनिट्रंटने, म्हणजे तड्यात शिरणाऱ्या रंगाने, तडे तपासावेत.

प्रोपेलर शाफ्ट लहान करताना दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत हवेत, गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलचा पिनियन समांतर हवेत, नाहीतर वेग वाढला की थरथर सुरू होते. कापलेला शाफ्ट बॅलन्स करून घ्यावा. गाडी हलकी झाल्याने ब्रेक लावताना मागची चाकं आधी लॉक होतात, त्यासाठी मागच्या लाइनला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवा. रेडिएटरच्या पाइपांत हवा अडकली की हेड गॅस्केट जातं. म्हणून पाणी भरताना गाडीचं नाक उंच ठेवावं.

रंग आणि पत्रा सगळ्यात शेवटी. आधी उघड्या सांगाड्यावर, सीट आणि पट्टे बसवून, आवारातच तीस-चाळीस किलोमीटर चालवावं, दर दहा किलोमीटरला चाकांचे आणि हातांचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. प्रत्येक वेल्ड पुसून उजेडात पाहावं. रंग चढल्यावर केसाएवढा तडा दिसत नाही, आणि दिसला तरी पुन्हा वेल्डिंगसाठी तो रंग खरवडावाच लागतो.