फॉर्म ऑनलाइन झाला, पण सोपा कोणाला झाला?

कॉम्प्युटर अन् साइट साध्या माणसाला वापरायला सोपी जाते का, म्हणजे युझेबिलिटी, तिची ही गोष्ट. माउस, खिडक्या, आयकॉन हे बाहेर कसं घडत गेलं ते बहुतेकांना माहीत असतं, ते सोडून देतो. आपल्याकडं मराठवाड्यात ही गोष्ट फॉन्टपासून सुरू करावी लागते. 2000 नंतर जिल्ह्याच्या गावी सायबर कॅफे निघाले, अन् मराठी पेपरची साइट उघडायची म्हणलं की आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्या, नाहीतर पानभर चौकोनी डबे. तसं युनिकोडच्या (सगळ्या मशिनवर अक्षर तेच दिसावं म्हणून ठरवलेल्या संकेतांच्या) 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, विंडोज 2000 सोबत मंगल फॉन्टही आला, पण विंडोज एक्सपीवर मराठी नीट दिसायला कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन टिक करा अन् वरून सीडी घाला, एवढं कोण करणार. हापिसातल्या टायपिस्टचा हात टाइपरायटरवर बसलेला, म्हणून जुने फॉन्ट लई वर्षं चालले अन् त्यात टाइप केलेलं पत्र दुसऱ्या मशिनवर गेलं की किडामुंगी. साइट चांगली आहे म्हणजे तेव्हा एवढंच, की अक्षरं दिसतात.

आता त्या एका शब्दाकडं येऊ, कारण पुढचा बराच घोळ त्यातला आहे. युझेबिलिटीला मराठीत कोणी उपयोगिता म्हणलं, कोणी वापरसुलभता, अन् सरकारी भाषेत टिकला तो ‘सुलभ’. (बसस्टँडवरच्या पाटीमुळं या शब्दाचं काय झालं ते सोडा.) सुलभ म्हणजे सहज लाभणारं, दुर्लभच्या उलट. मूळ अर्थ मिळण्याचा आहे, वापरण्याचा नंतर चिकटला. त्यामुळं दाखला तहसीलला चकरा न मारता ऑनलाइन मिळायला लागला की सेवा सुलभ झाली, असं म्हणायला मोकळे, अन् ते खोटंही नाही. पण तो फॉर्म भरता येतो का, हे त्या शब्दात कोणी विचारतच नाही. त्यात 2015 ला अपंगांसाठीच्या मोहिमेतून ‘सुगम्य’ आला, तो अ‍ॅक्सेसिबिलिटीला (म्हणजे अपंगालाही पोचता अन् वापरता येणं), अन् आता सुगम्य, सुलभ, सोपं हे तिन्ही एकाच पोत्यात. 1998 च्या आंतरराष्ट्रीय मानकातली युझेबिलिटीची व्याख्या बरीच नेमकी आहे: ठरलेल्या माणसांना, ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेलं काम पुरं करता येतं का, त्यात किती कष्ट पडतात अन् माणसाचं समाधान होतं का. आपल्याकडं घोडं अडलं ते ‘ठरलेली माणसं’ इथंच, माझ्या मते ती कोणी कधी ठरवलीच नाहीत.

हे 2017 ला उघडं पडलं. कर्जमाफीचा अर्ज ऑनलाइनच भरायचा ठरलं, अन् प्रत्यक्षात अर्ज भरून देणाऱ्या सेतू केंद्रांपुढं रांगा, सर्व्हर बसलेला, आयुष्यभर विळा-खुरपं धरलेल्या बोटांचे ठसे मशिन घेईना. साइट काढली शेतकऱ्यासाठी, वापरली सेतूवाल्या पोरानं.

मग पीकपेरा, म्हणजे कोणत्या रानात काय पेरलं त्याची सातबाऱ्यावरची नोंद. तो लावायचं काम पहिल्यापासून तलाठ्याचं, हैदराबाद संस्थानातून आलेल्या या भागात तर 1954 चं खासरा पत्रक (जमिनीची त्या वेळची सरकारी नोंद) लोक अजून पुरावा म्हणून काढतात. 15 ऑगस्ट 2021 पासून पेरा शेतकऱ्यानंच मोबाइलवर नोंदवायचा, शेतात उभं राहून, फोटोसकट, असा निर्णय झाला अन् त्यावरची भांडणं अजून मिटली नाहीत. एक बाजू म्हणते तलाठी चावडीत बसूनच पेरा लावायचा, आता निदान खरं पीक तरी लागतं. दुसरी म्हणते ज्याच्याकडं तसला फोन नाही त्यानं कोणाच्या तोंडाकडं बघायचं. पहिलं चूक नाही, पण मला दुसरं जड वाटतं, कारण चूक झाली तर भोगायची शेतकऱ्यानं.

ती चूक किती बारीक असते बघा. सातबारा हेक्टर-आरमध्ये, माणसं बोलतात एकर-गुंठ्यात. जिंतूरकडं एका केंद्रावर एक आबा कसल्याशा फॉर्मसाठी सातबारा वाचून क्षेत्र सांगत होते, “एक हेक्टर पाच आर हाय बाबा.” पोरानं टाकलं 1.5. फॉर्मनं गपगुमान घेतलं. पाहिजे होतं 1.05, झालं एक हेक्टर पन्नास आर, म्हणजे एका शून्यापायी एकराहून जास्त रान वाढलं. हेक्टरचा रकाना वेगळा अन् आरचा वेगळा दिला असता तर हे झालंच नसतं.

नंतर सगळा भार ओटीपीवर आला. आधारला नंबर पोराचा, पोरगं पुण्याला कंपनीत, सेकंड शिफ्टला. दिवाळीनंतर केज-धारूरकडून ऊसतोडीला गेलेली टोळी कर्नाटकात, फोनला चार्जिंग नाही, त्यांचं तर विचारूच नका. 2024 ला महिलांच्या 1500 रुपयांच्या योजनेचे अर्ज अंगणवाडीच्या ताई भरून घ्यायला लागल्या तेव्हा काम जरा हललं, समोर विचारायला माणूस होता ना. पण 2025 च्या ई-केवायसीत नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला. जिचे दोघंही गेलेत तिनं कोणाचा द्यायचा? ओरड झाली, मुदत वाढली, मग अशा बायांसाठी वेगळी सोय काढावी लागली.

जिंतूरकडच्या त्या केंद्रात मॉनिटरच्या वर स्केचपेननं लिहिलेला पुठ्ठा चिकटवलेला आहे. नाव आधारवर आहे तसंच टाकणे. फोटो बारीक करून घेणे. आरच्या आधी शून्य बघणे. रात्री 11 नंतर साइट पळते. त्याखाली वेगळ्या पेननं एक ओळ मागच्या खरिपात वाढली: ज्याचा नंबर आधारला आहे त्याला आधी फोन लावून मगच लाइनीत थांबणे.