उपचारात्मक वाचन (वरच्या वर्गांतील)

पाचवीच्या पुढे पोचूनही सलग वाचता न येणाऱ्या मुलांचा वाचनाचा कच्चा राहिलेला पाया पक्का करून घेणारे अध्यापन. मुलांचे वाचन आणि गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या २०१८ च्या फेरीत ग्रामीण भारतातील आठवीच्या सुमारे २७ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नव्हता.

अक्षरओळख पक्की होण्याआधीच पुस्तक पुढे सरकते. ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेल्या मुलाचे निम्मे वर्ष फडातच जाते. घरी कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला मराठी ऐकून कळण्याआधीच वाचावी लागते. काहींना वाचन-अक्षमता असते. त्यांची तपासणी तज्ज्ञांकडूनच व्हायला हवी.

मोठे मूल आपली अडचण लपवते. धडा घडाघडा ‘वाचते’, पण मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करते, कारण धडा पाठ असतो. म्हणून चाचणी एकट्याची, वर्गाबाहेर आणि अनोळखी उताऱ्यावर घ्यावी.

अडखळण्याच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराआधी येते, उच्चारात नंतर. ‘र’ची रूपे अनेक : सूर्य, चक्र, ट्रक, सुऱ्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मुद्दाम दाखवल्याशिवाय लक्षात येत नाही. त्यात विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये जोडून शब्द लांबतात. ‘शेतकऱ्यांपर्यंत’ हा शब्द पाहूनच मूल हात टेकते. मग ‘शेतकरी’, ‘शेतकऱ्यां’, ‘पर्यंत’ असा तोडून फळ्यावर मांडला की तो त्याच्या आवाक्यात येतो. वरच्या वर्गांत ही तोडफोड रोज दहा मिनिटे तरी व्हावी. तोच छोटा उतारा चार दिवस मोठ्याने वाचून घेतल्यास ओघ येतो.

१९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गट करण्याची पद्धत रुजवली. तिचा भर मुख्यतः तिसरी ते पाचवीवर आहे. आठवीत ती जशीच्या तशी उचलणे चूक ठरते. मिसरूड फुटलेल्या मुलाला चौथीतल्या पोरांशेजारी बसवले, तर तो दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाही. त्याच्या हाती चिऊ-काऊची गोष्टही देऊ नये. भाषा सोपी, पण विषय त्याच्या वयाचा हवा : क्रिकेटची बातमी, एसटीचे वेळापत्रक, खताच्या गोणीवरची सूचना.

हे काम एकट्या मराठीच्या शिक्षकांवर सोडून चालत नाही. विज्ञानाचा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला की यांतली कितीतरी मुले बरोबर उत्तर देतात.