व्हिडिओ व्हायरल, माणूस निलंबित: नोकरी गेली की थांबली?

"व्हायरल व्हिडिओनंतर कर्मचारी निलंबित" अशी बातमी झळकली की पारावर लगेच निकाल लागतो: गेली त्याची नोकरी. ती गेलेली नसते. निलंबन वेगळं, बडतर्फी वेगळी, आणि हा घोळ पारावर होतो तसा एचआरच्या केबिनमध्येही होतो.

समजा, वाळूजच्या कारखान्यातला ऑपरेटर सुट्टीच्या दिवशी गेवराईकडच्या वरातीत तलवार घेऊन नाचला. क्लिप फिरली, खाली कुणीतरी कंपनीचं नाव लिहिलं, फोन सुरू झाले.

कंपनीने त्याला निलंबित केलं तर ती शिक्षा नाही. चौकशी होईपर्यंत गेट बंद, एवढंच. माणूस कंपनीचाच राहतो आणि त्याला निर्वाह भत्ता द्यावा लागतो: पहिले 90 दिवस पगाराच्या 50 टक्के, पुढे उशीर त्याच्यामुळे झालेला नसेल तर 75 टक्के. 1946 च्या स्थायी आदेशांच्या (म्हणजे कारखान्याचे कामाचे आणि शिस्तीचे लेखी नियम) कायद्यात हे होतं, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संहितेनुसार चौकशीही साधारण 90 दिवसांत उरकायची. ऑपरेटरच्या जागी तहसीलमधला सरकारी कारकून असेल तर त्याचे नियम निराळे. तो 48 तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित झाला असंच धरलं जातं.

बडतर्फी म्हणजे संबंध तुटला. तिथवर जायला कंपनीचं आरोपपत्र, खुलासा, चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी, अहवाल आणि मग शिक्षेचा आदेश, एवढा रस्ता आहे. "लोक चिडलेत" म्हणून यातली पायरी गाळली की कामगार न्यायालयात आदेश टिकणं अवघड.

खरी गोची आरोपपत्रातच होते. "समाजमाध्यमांवर कंपनीची बदनामी केली" हे वाक्य सर्रास टाकतात. पण क्लिप काढली एकाने, कंपनीचं नाव लिहिलं दुसऱ्याने. मग नाचणाऱ्याने नेमकं काय केलं? तारीख, वेळ, ठिकाण, कृत्य आणि स्थायी आदेशातलं कलम, हे पाचही हवेत. सर्वोच्च न्यायालयाने 1983 च्या ग्लॅक्सो लॅबोरेटरीज निकालात सांगितलं की स्थायी आदेशात "आवारात किंवा लगत" केलेलं गैरवर्तन असं लिहिलं असेल तर मालकाला ती हद्द हवी तितकी ताणता येत नाही. उलट त्याच ऑपरेटरने गेवराईच्या स्टँडवर आपल्या सुपरवायझरला धमकावलं असतं, तर जागा बाहेरची असूनही कारखान्याच्या शिस्तीशी धागा जुळला असता. तलवारीचा हिशोब पोलिसांकडे. त्यावर नोकरी घ्यायची तर असा धागा दाखवायलाच हवा. नुसती लाज पुरेशी नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

"कामाबाहेर घडलं" ही पळवाट कारकुनाला कमीच. राज्य सरकारच्या 1979 च्या वर्तणूक नियमांतला नियम 3 शासकीय कर्मचाऱ्याला अशोभनीय ठरेल असं काहीही करू नका म्हणतो आणि तो कार्यालयाच्या दारात थांबत नाही. त्याच्या बाबतीत आणखी एक फरक: "सेवेतून काढून टाकणे" झालं तर पुन्हा शासकीय नोकरी मिळू शकते, "बडतर्फ" झाला तर साधारणपणे तीही वाट बंद.

पुरावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा जणांकडून आलेली नुसती क्लिप कमकुवत. ज्या फोनवर शूटिंग झालं त्यातली मूळ फाइल आणि तो माणूस साक्षीला हवा. नाहीतर "हा मी नाहीच" एवढ्या एका वाक्यावर चौकशी अडू शकते.

कामगारांची चूक भलतीच असते. चौकशीची नोटीस पोस्टमन घेऊन येतो आणि घरचे "घेऊ नको" म्हणत परत पाठवतात. पाकिटावर "घेण्यास नकार" असा शेरा पडतो, चौकशी एकतर्फी होते, आणि ज्या मुद्द्यावर नोकरी वाचली असती तो मांडायला तिथे कुणीच नसतं.