बिझनेस कॅल्क्युलस

बिझनेस कॅल्क्युलस म्हणजे कॉमर्स, मॅनेजमेंट आणि इकॉनॉमिक्सच्या मुलांना विद्यापीठात सुरुवातीच्या वर्षांत शिकवला जाणारा कॅल्क्युलसचा, म्हणजे बदलाच्या गणिताचा, आटोपशीर कोर्स. इंजिनिअरिंगवाल्यांच्या कॅल्क्युलसमधून बहुतेक वेळा त्रिकोणमिती काढून टाकतात, लिमिटच्या काटेकोर सिद्धता काढतात, आणि त्या जागी खर्च, मागणी, नफा, व्याज अशी उदाहरणं येतात. म्हणून याला सोपा कॅल्क्युलस म्हणायची पद्धत आहे, पण ते अर्धंच खरं आहे. डेरिव्हेटिव्ह (एक गोष्ट जरा बदलली की दुसरी किती दराने बदलते तो दर) काढायचे नियम मोजके आहेत, ते सरावाने येतात. मुलं अडकतात ती दोन ठिकाणी, एक म्हणजे शाळेतलं बीजगणित (अपूर्णांक, घातांक, लॉगरिदम) आणि दुसरं म्हणजे शब्दांत दिलेल्या गणितातून कशाचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचंय हे ओळखणं.

कोर्सचा गाभा एकच कल्पना आहे, मार्जिनल म्हणजे सीमांत. शंभर नग बनवायला एकूण किती खर्च आला यापेक्षा अजून एक नग बनवला तर खर्च कितीने वाढेल हा प्रश्न निर्णय घेताना जास्त कामाचा असतो, आणि या "अजून एक"चं गणित म्हणजेच डेरिव्हेटिव्ह. अर्थशास्त्रात हे पहिल्यांदा पद्धतशीरपणे केलं ते आंत्वान ओग्युस्तँ कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने, १८३८ साली. त्याने मागणी हे किमतीचं फंक्शन मानलं, म्हणजे किंमत ठरली की मागणी ठरते असं धरलं, खनिज पाण्याच्या झऱ्याचा एकच मालक असेल तर तो किंमत किती ठेवेल हे डेरिव्हेटिव्ह शून्याला समान ठेवून काढलं, मग तसाच दुसरा झरा आणि दुसरा मालक आणून स्पर्धेचंही गणित मांडलं. तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १८७० च्या दशकात जेव्हन्स आणि वालरास या अर्थशास्त्रज्ञांनी सीमांत विचार रुजवला, आणि १८९० मध्ये आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात आकृत्या तळटीपांत आणि गणित परिशिष्टात ढकललं. मार्शल स्वतः गणिताचा माणूस, तरी १९०६ च्या एका पत्रात त्याने लिहिलंय की गणित शॉर्टहँडसारखं वापरा, मग निष्कर्ष साध्या भाषेत मांडा आणि गणित जाळून टाका. परीक्षेत अर्थात जाळून चालत नाही, स्टेप्सना मार्क असतात.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू, कारण या कोर्सचा निम्मा सिलॅबस एकाच उदाहरणात मावतो. समजा न नग बनवायचा एकूण खर्च ५०० + २०न + ०.५न² आहे, आणि न नग विकले जायचे असतील तर किंमत १४० − १.५न ठेवावी लागते. इथे सगळ्यात कॉमन चूक होते ती म्हणजे मुलं किमतीचंच डेरिव्हेटिव्ह घेऊन मोकळी होतात. आधी किंमत गुणिले नग करून एकूण उत्पन्न काढायचं, १४०न − १.५न². त्याचं डेरिव्हेटिव्ह १४० − ३न, हे सीमांत उत्पन्न. खर्चाचं डेरिव्हेटिव्ह २० + न, हा सीमांत खर्च. दोन्ही समान ठेवले की न = ३०, किंमत ९५, उत्पन्न २८५०, खर्च १५५० आणि नफा १३००. नफ्याचं सेकंड डेरिव्हेटिव्ह (डेरिव्हेटिव्हचं पुन्हा डेरिव्हेटिव्ह) −४ येतं, ऋण आहे, म्हणजे हा खरंच कमाल बिंदू आहे, ही तपासणी लिहायला बरेच जण विसरतात.

याच आकड्यांत बाकीच्या गोष्टी दडलेल्या आहेत. ३० नगांवर सीमांत खर्च ५० येतो, पण ३१ वा नग खरोखर बनवला तर खर्च ५०.५ ने वाढतो, म्हणजे डेरिव्हेटिव्ह हा "अजून एक नग"चा अंदाज आहे, तंतोतंत उत्तर नाही, आणि नगांची संख्या मोठी असली की हा फरक सहसा कोणी विचारत नाही. उत्पन्न सगळ्यात जास्त हवं असेल तर साधारण ४६.७ नग आणि किंमत ७० येते, नफ्याच्या उत्तरापेक्षा अगदीच वेगळं, त्यामुळे विक्रीचा आकडा वाढला म्हणून खूश होणाऱ्या मॅनेजरला हे गणित दाखवायला हरकत नाही. त्या ७० किमतीला मागणीची लवचिकता (किंमत १ टक्का वाढली तर मागणी किती टक्के बदलते) बरोबर −१ असते. ९५ ला ती साधारण −२.११ आहे, म्हणजे किंमत १ टक्का वाढवली तर मागणी २ टक्क्यांहून थोडी जास्त घटते. सरासरी खर्च सगळ्यात कमी कुठे, तर जिथे सीमांत खर्च आणि सरासरी खर्च समान होतात तिथे, इथे साधारण ३१.६ नगांवर.

आता त्या ५०० कडे बघा. डेरिव्हेटिव्ह घेतलं की ते गायबच होतं. हा स्थिर खर्च, भाडं वगैरे, तो ५०० ऐवजी ९०० केला तरी उत्तर ३० नगच येतं, फक्त नफा ९०० वर उतरतो. भाडं वाढलं म्हणून किंमत वाढवली असं दुकानदार सहज म्हणतो, पण या मॉडेलमध्ये त्या तर्काला जागा नाही, किंमत आधीच सगळ्यात फायद्याची असेल तर भाडं वाढून ती बदलत नाही. आणि स्थिर खर्च २००० असेल तर? डेरिव्हेटिव्ह तरीही ३० च म्हणतं, नफा मात्र −२००. ते पैसे आधीच अडकलेले असतील तर धंदा बंद ठेवून २००० गमावण्यापेक्षा चालू ठेवून २०० गमावलेले परवडले, पण नवीन सुरू करायचा असेल तर न केलेला बरा. हा निर्णय डेरिव्हेटिव्ह देत नाही, तो वेगळा तपासावा लागतो, आणि माझ्या मते अख्ख्या कोर्समधली सगळ्यात उपयोगाची जागा हीच आहे, जी क्लासमध्ये घाईत उरकली जाते.

इंटिग्रेशन उलट दिशेने जातं, डेरिव्हेटिव्हवरून मूळ फंक्शनकडे. सीमांत खर्च २० + न दिला आणि एकूण खर्च विचारला तर २०न + ०.५न² आणि शेवटी एक स्थिरांक, जो लिहायला विसरलं की मार्क जातात. तो स्थिरांक म्हणजेच मघाचा हरवलेला ५००. मागणीच्या रेषेखालचं क्षेत्रफळ वापरून ग्राहकाचा अधिक लाभ (ग्राहक द्यायला तयार होते त्यापेक्षा जितकं कमी द्यावं लागलं ते) काढतात, वरच्या उदाहरणात तो ६७५ येतो. उत्पन्नाची विषमता मोजणारा गिनी गुणांकही लॉरेंझ वक्राच्या (गरिबांपासून श्रीमंतांपर्यंत उत्पन्नाचा वाटा दाखवणारी रेषा) क्षेत्रफळावरूनच येतो.

व्याजाचा भाग छोटा पण गोड आहे. १०० वर १० टक्के दराने १० वर्षं, वर्षातून एकदा व्याज धरलं तर २५९.३७, दर महिन्याला धरलं तर २७०.७०, आणि क्षणोक्षणी धरलं तर २७१.८३, त्यापुढे जात नाही. या मर्यादेला १०० ने भागलं की ई ही संख्या (साधारण २.७१८३) मिळते, आणि याकोब बर्नुली हा स्विस गणितज्ञ १६८३ मध्ये चक्रवाढ व्याजाच्याच प्रश्नावरून तिच्यापर्यंत पोचला होता.

शेवटच्या आठवड्यांत एकापेक्षा जास्त चल येतात. पार्शल डेरिव्हेटिव्ह (बाकी चल स्थिर धरून एकाचंच डेरिव्हेटिव्ह), १९२८ चं कॉब-डग्लस उत्पादन फंक्शन (श्रम आणि भांडवलातून उत्पादन किती ते सांगणारं), आणि बजेटसारखी मर्यादा पाळून कमाल काढायची लाग्रांजची पद्धत. समजा समाधान म्हणजे दोन वस्तूंच्या नगांचा गुणाकार, किमती २ आणि ४, आणि बजेट ८०. उत्तर २० आणि १० नग, समाधान २००, लाग्रांजचा गुणक ५. हा ५ नुसता गणिताची सोय म्हणून आणलेला नाही, बजेट ८० चं ८१ झालं तर समाधान अंदाजे ५ ने वाढतं असं तो सांगतो (खरं उत्तर ५.०३). बहुतेक मुलं गुणक काढून टाकतात आणि पुढे जातात, अर्थशास्त्रवाल्यांना मात्र तोच हवा असतो.

हा कोर्स कोणी घ्यावा? मार्केटिंग, अकाउंटिंग, मॅनेजमेंटकडे जायचं असेल तर सहसा पुरतो. अर्थशास्त्रात पुढे मास्टर्स किंवा पीएचडी करायचा विचार असेल तर नेहमीचा पूर्ण कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा आणि जमलं तर रिअल अॅनालिसिस घेतलेलं बरं, कारण बऱ्याच विद्यापीठांत बिझनेस कॅल्क्युलस पास झालं तरी पुढच्या गणिताच्या कोर्सला प्रवेश मिळत नाही आणि मग पहिला कॅल्क्युलस नव्याने करावा लागतो.