गोबरगॅस : कोकणातील बांधणी, साठवण आणि वापर

गुरांचे शेण पाण्यात कालवून हवाबंद टाकीत कुजवले की जो ज्वलनशील वायू निघतो, तो गोबरगॅस. त्यात मिथेन ५५ ते ६५ टक्के असतो. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा. शिवाय पाण्याची वाफ आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड किंचित प्रमाणात असतो. हे तंत्र देशभर पोहोचले असले तरी कोकणपट्टीत त्याचे गणित वेगळे बसते. इथल्या उबदार, दमट हवेत गॅस तयार होणे हा सर्वांत सोपा भाग आहे. अडते ते तयार झालेला गॅस धरून ठेवताना, खाऱ्या हवेत लोखंड टिकवताना आणि मुळात शेण गोळा करताना.

पूर्वपीठिका : मुंबई हे कोकणचेच उत्तर टोक मानले, तर भारतातील या विषयाचा आरंभही कोकणातच झाला. माटुंग्याच्या महारोगी आश्रमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले गेले. अनेक पुस्तकांत या प्रयोगाचे वर्ष १८५९ दिलेले आढळते. पण तो आश्रमच १८९० साली सुरू झाला, तेव्हा १८९७ हे वर्ष अधिक विश्वासार्ह ठरते. घरगुती संयंत्राला आज ओळखीचे असलेले रूप दिले ते जशभाई पटेल यांनी. १९५०च्या दशकात त्यांनी विहिरीसारख्या टाकीवर उपडा लोखंडी ड्रम तरंगत ठेवण्याची रचना सिद्ध केली आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने ती गावोगाव नेली. १९८१-८२ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय योजनेतून अनुदान मिळू लागले आणि प्रसाराचा वेग वाढला.

कोकणातील एक धागा मात्र शेणाकडून नव्हे, सफाईच्या कामाकडून आला. कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारणारे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी मैला ही टाकण्याची नव्हे तर खताची वस्तू आहे, हे आयुष्यभर स्वतःच्या हातांनी काम करून पटवून दिले. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन देहूचे डॉ. सु. वि. मापुसकर यांनी संडासाला जोडलेल्या गॅस संयंत्रांचे काम उभे केले आणि आपल्या संस्थेला अप्पांचेच नाव दिले. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अलीकडच्या काळात कुडाळ तालुक्यातील झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने सिंधुदुर्गात हजारो कुटुंबांकडे संयंत्रे बांधून घेतली. जिल्ह्यातील वाडीवाडीवर आज संयंत्रांचे जे घुमट दिसतात, त्यांत या कामाचा वाटा मोठा आहे.

उष्णतेचे गणित : शेण कुजवून मिथेन करणारे जिवाणू ३० ते ३७ अंश सेल्सिअसला सर्वांत जोमाने काम करतात. पारा २० अंशांखाली गेला की ते मंदावतात. आणखी खाली उतरला की जवळजवळ थांबतातच. म्हणून टाकीत शेण किती दिवस मुक्कामाला ठेवायचे, हे त्या त्या प्रदेशाच्या हवामानावरून ठरवतात. उष्ण भागासाठी ३० दिवस, मध्यम हवामानासाठी ४० आणि थंड डोंगराळ भागासाठी ५५ दिवस अशी भारतातील वाटणी आहे.

या आकड्यांचा अर्थ थेट बांधकामाच्या खर्चात दिसतो. दिवसाला दोन घनमीटर गॅस देणाऱ्या घरगुती संयंत्रात रोज ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी, म्हणजे सुमारे १०० लिटर शेणकाला जातो. तीस दिवसांच्या मुक्कामाला तीन घनमीटरची जागा पुरते. ५५ दिवसांना साडेपाच लागते. कोकणात समुद्रामुळे हिवाळा सौम्य असतो. किनाऱ्यालगत जानेवारीतल्या पहाटेही पारा सहसा १५ अंशांखाली उतरत नाही आणि जमिनीखाली दोन मीटरवर माती वर्षभर कोमट राहते. देशावर थंडीत गॅस कमी झाल्याची जी तक्रार दरवर्षी ऐकू येते, ती किनारपट्टीवर फारशी नसते. टाकी गरम करण्याचे किंवा गवताने झाकण्याचे उपाय इथे लागत नाहीत.

पावसाचा त्रास निराळा. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात पागोळ्यांचे पाणी शेण कालवायच्या कुंडीत उतरले की शेणकाला पातळ होतो, थंड पडतो आणि कुजायच्या आधीच बाहेर ढकलला जातो. शिवाय सखल वाडीत पावसाळ्यात भूजल अगदी वर येते. रिकामी टाकी त्या पाण्याने खालून उचलली जाण्याचा धोका असतो. म्हणून बांधकाम दिवाळीनंतर काढून पावसाच्या आत टाकी भरून टाकतात. कातळाच्या भागात प्रश्न उलटा असतो. तिथे खड्डा खणणे हेच मोठे काम, पण एकदा खणला की भिंती ढासळत नाहीत.

साठवण : गोबरगॅस सिलिंडरमध्ये का भरत नाहीत, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. स्वयंपाकाचा एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. नेहमीच्या तापमानाला ते थोड्या दाबाने द्रवरूप होतात, म्हणून १४.२ किलो गॅस एका टाकीत मावतो. मिथेनला नुसता दाब पुरत नाही. नेहमीच्या दाबाला त्याचा द्रव करायचा तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करावे लागते. गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या किनाऱ्यावर दाभोळ प्रकल्पाच्या ज्या प्रचंड टाक्या आहेत, त्यांत आयात केलेला नैसर्गिक वायू अशाच थंडीत साठवतात. गोठ्यामागच्या संयंत्राला हे शक्य नाही. आजचा गॅस आज-उद्यात वापरायचा, एवढीच त्याची साठवण.

तरंगत्या ड्रमच्या रचनेत ही साठवण डोळ्यांना दिसते. गॅस साठला की ड्रम वर चढतो, वापरला की खाली बसतो. दाब ड्रमच्या वजनाने ठरतो आणि तो शेवटपर्यंत सारखा राहतो, हे पटेलांच्या रचनेचे खरे मर्म. सव्वा मीटर व्यासाचा, सव्वाशे किलोच्या आसपास वजनाचा ड्रम सुमारे १० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब देतो आणि शेगडीला तो पुरतो. दुपारी ड्रम चढलेला दिसला म्हणून गॅस वाढलाच असे समजू नये. उन्हाने पत्रा तापून आतला वायू पंधरा अंशांनी गरम झाला, तर तो एवढ्यानेच पाच टक्के फुगतो, वाफही वाढते. संध्याकाळी ती फूग उतरते.

या ड्रमचा कोकणातला वैरी म्हणजे गंज. बाहेरून खारी हवा आणि चार महिन्यांची ओल, आतून हायड्रोजन सल्फाइड. दरवर्षी पावसाआधी ड्रम खरवडून काळा रंग द्यावा, असे सांगितले जाते. पण तेव्हाच शाकारणी, लाकूडफाटा आणि पेरणीची घाई असल्याने तो रंग राहून जातो. एकदा पत्र्याला भोक पडले की दुरुस्तीपेक्षा चूल सोपी वाटते, आणि कित्येक संयंत्रे अशीच बंद पडली आहेत. पुढे फायबरचे ड्रम आले. ते गंजत नाहीत, मात्र हलके असल्याने दाब कमी पडतो. वर वजन ठेवावे लागते आणि त्यासाठी जांभ्या दगडाचा चिरा हाताशी असतोच.

दुसरा मार्ग ड्रमच काढून टाकण्याचा. १९७८ मध्ये ‘जनता’ आणि १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ ही स्थिर घुमटाची संयंत्रे आली. त्यांत गॅस घुमटाखाली साठतो आणि शेणकाल्याला बाहेरच्या कुंडीत वर ढकलतो. गॅस वापरला की काला परत खाली येतो. लोखंड नाही, हलणारा भाग नाही. किनारपट्टीला हीच रचना अधिक मानवते, असे माझे मत आहे. तिच्या दोन मर्यादा मात्र सांगायला हव्यात. दाब कमीजास्त होत राहतो, आणि घुमट गॅसबंद करायला कसबी गवंडी लागतो. कोकणात घरासाठी चिरा वापरण्याची सवय असते, पण जांभा सच्छिद्र आहे. घुमटाला पक्क्या विटा आणि आतून सिमेंटचा नीट घोटलेला गिलावा हवाच.

नळी, कॉक आणि शेगडी : टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंतची नळी हा दुर्लक्षित भाग आहे. गॅस वाफेने भरलेला निघतो. थंड नळीत ती वाफ पाणी होऊन खोलगट जागी साचते. मग ज्योत फडफडते, लाल होते, विझते. पाहणाऱ्याला वाटते शेण कमी पडले. प्रत्यक्षात नळीला टाकीकडे उतार देणे आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढून टाकायची तोटी बसवणे, इतकाच उपाय असतो. पावसाळ्यात ती तोटी वरचेवर उघडावी लागते.

एलपीजीची शेगडी गोबरगॅसवर जशीच्या तशी चालत नाही. एलपीजी सुमारे ३०० मिलिमीटर पाण्याच्या दाबाने बारीक छिद्रातून येतो आणि त्याला जळायला हवा भरपूर लागते. गोबरगॅसचा दाब त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. एका भागाला हवा साडेपाच-सहा भागच पुरते आणि ज्योतीचा वेगही कमी. म्हणून जेटचे छिद्र मोठे लागते आणि हवेची झडप बेताची उघडावी लागते. हवा जास्त झाली की ज्योत बर्नरवरून उचलते. कमी झाली की पिवळी होऊन भांडी काळी करते. निळी, ठाम, किंचित फसफसणारी ज्योत बरोबर समजावी. स्थिर घुमटाच्या संयंत्रात सकाळी दाब चढा असतो, तेव्हा कॉक अर्धाच उघडायचा आणि स्वयंपाक संपत आला की पूर्ण. ही गोष्ट घरातल्या बाईला दोन-तीन दिवसांत हाताने कळते. चांगल्या शेगडीची कार्यक्षमता भारतीय मानकानुसार किमान ५५ टक्के असावी लागते. साध्या चुलीची ती दहा टक्क्यांच्या आसपास असते.

दोन घनमीटर गॅसवर नेहमीचा एक बर्नर चारसाडेचार तास चालतो. एलपीजीच्या हिशेबात हे सुमारे ०.८६ किलो, म्हणजे सोळा-सतरा दिवसांत एक सिलिंडर. चार-पाच माणसांच्या घराला हे पुरावे. पण सिंधुदुर्गातल्या घरात सकाळची पेज असते, आणि उकड्या तांदळाची पेज रटरटायला बराच वेळ घेते. तिथेच गॅसचा मोठा हिस्सा जातो.

चुलीशी नाते : गोबरगॅस आला म्हणजे चूल गेली, असे कोकणात सहसा घडत नाही. न्हाणीतल्या हंड्याखाली नारळाची सोडणे, झावळ्या, पालापाचोळा जळत राहतो, कारण घरच्या सगळ्यांच्या आंघोळीचे पाणी तापवायला गॅस पुरत नाही आणि माडाचा हा कचरा कुठेतरी जायलाच हवा. शिवाय चुलीच्या धुराचे आणि धगीचे एक काम गॅस करू शकत नाही. पावसाळ्यात माळ्यावरचे बियाणे, टोपल्या, सुकी मासळी कोरडी राहते ती खालच्या चुलीमुळे. याउलट धुराने डोळे चुरचुरणे, भर पावसात ओली लाकडे फुंकत बसणे आणि डोक्यावरून मोळ्या आणणे गॅसने खरोखर कमी होते.

शेणाची टंचाई : एका किलो शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो, आणि मोठ्या गुरामागे दिवसाला दहा किलो शेण धरले जाते. कोकणातली गुरे लहान चणीची; ‘कोकण कपिला’ या नावाने २०१८ मध्ये या गाईंची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. काटक, कमी चाऱ्यावर जगणारी ही जनावरे तेवढे शेण देतील असे धरून चालता येत नाही. त्यातच भात कापून झाले की गुरे मोकळी सोडण्याची रीत आहे. शेण सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर पडते, गोठ्यात नाही. म्हणजे चैत्र-वैशाखात, जिवाणूंना हवी तशी ऊब असते तेव्हाच, त्यांना खायला कमी मिळते. आणि विहिरी आटल्या की काला कालवायला पाणीही मिळत नाही. पॉवर टिलर आल्यापासून बैलजोड्या कमी झाल्या, तरुण मंडळी मुंबईला, घरात दोन म्हातारी माणसे आणि एक गाय. अशा घरासाठी एक घनमीटरचे संयंत्रही मोठे ठरते. संडास जोडला तर थोडी भर पडते. मात्र त्या गॅसवर शिजवायचे का, या प्रश्नावर घराघरात अजून वाद होतो.

शेणकाला आणि शेती : बाहेर पडलेला काला माड-पोफळीच्या आळ्यांत, आंब्या-काजूच्या कलमांना आणि परसातल्या भाजीला घालतात. कोकणात तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपे वाढवायच्या जागेवर शेण, कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा पसरून ते जाळण्याची, म्हणजे राब भाजण्याची जुनी पद्धत आहे. त्यात शेणातला नत्र धुरासोबत उडून जातो. टाकीत कुजवल्यावर तो काल्यात शिल्लक राहतो. ओला काला उन्हात उघडा वाळवला तर नत्राचा काही भाग उडतो, म्हणून तो ताजा द्यावा किंवा पाल्याबरोबर कंपोस्ट खड्ड्यात मुरवावा.

सुरक्षितता : नव्या टाकीतला पहिला गॅस हवेत सोडून देतात, कारण त्यात हवा मिसळलेली असते आणि अशा मिश्रणाचा स्फोट होऊ शकतो. गळती पाहायला साबणाचा फेस वापरावा, काडी ओढू नये. साफसफाईसाठी उघडलेल्या टाकीत ती काही दिवस मोकळी ठेवून हवा खेळवल्याशिवाय कोणीही उतरू नये. आत प्राणवायू नसतो, आणि जास्त प्रमाणातील हायड्रोजन सल्फाइडने नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. उतरलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही.