गळाचा दोरा थकला हे कसे ओळखावे?

कोकणात जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि त्याच सुमारास खाडीच्या मुखाशी, जेटीवर आणि खडपांवर (किनाऱ्यावरच्या खडकांवर) गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसणारे जास्त दिसू लागतात. उन्हाळाभर पडवीत उभी असलेली काठी बाहेर निघते, पण रिळावरचा दोरा बहुधा मागच्याच वर्षीचा असतो. तो बदलायचा की नाही हे अनेकजण त्याच्या वयावरून ठरवतात. माझ्या मते हा हिशेब फसवा आहे, कारण दोऱ्याला ऊन, घर्षण आणि ताण यांनी म्हातारपण येते. एकाच दिवशी विकत घेतलेल्या दोन रिळांपैकी अंधाऱ्या कपाटातले कित्येक वर्षे चांगले राहते आणि अंगणात उन्हात टांगलेले एका मोसमात निकामी होते.

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकेरी, पारदर्शक तंतू. वॉलेस कॅरोथर्स यांनी ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये नायलॉन तयार केले. त्याचे लांबच लांब रेणू तंतूच्या दिशेने एकमेकांशेजारी ताणून बसवलेले असतात आणि शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंध धरून ठेवतात. नायलॉन पाण्यात राहिले की पाण्याचे रेणू या बंधांच्या जागी शिरतात, त्यामुळे ओला दोरा थोडा अधिक ताणतो आणि त्याची ताकद काहीशी उतरते. दोरा वाळला की ती परत येते, म्हणून याला झीज म्हणता येत नाही. उन्हाचे तसे नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण नायलॉनमधील अशुद्ध अंश आणि रंगद्रव्ये शोषून घेतात, त्यातून क्रियाशील मुक्त मूलके तयार होतात आणि हवेतील ऑक्सिजनच्या साथीने ती मूळ साखळ्याच तोडत जातात. तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही. ही हानी पृष्ठभागाकडून सुरू होत असल्याने बारीक दोऱ्याला ती जाड दोऱ्यापेक्षा लवकर भोवते.

खडपावर गरवणाऱ्याचा दोरा मात्र उन्हाच्या आधी बहुधा घासण्यानेच जातो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील दगडांवर कालवे चिकटलेली असतात आणि त्यांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. तांबोशीसारखा मासा गळाला लागताच दगडांच्या कपारीकडे धावतो आणि ताणलेला दोरा त्या कडांवरून ओढला जातो. दोऱ्याची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ०.३० मिलिमीटरचा दोरा घासून ०.२७ मिलिमीटर झाला तर जाडी १० टक्क्यांनी घटते, पण छेद १९ टक्क्यांनी घटतो. झीज सगळीकडून सारखी न होता एका बाजूला खाच पडली असेल तर नुकसान याहून मोठे असते, कारण सगळा ताण खाचेच्या टोकाशी एकवटतो आणि चीर तिथूनच आत सरकते.

हे डोळ्यांना सहज दिसत नाही, बोटांना कळते. शेवटचे पाच-सहा मीटर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सावकाश ओढावेत. नवा दोरा गुळगुळीत सरकतो, घासलेल्या जागी बारीक खरखर लागते आणि उजेडात धरल्यास तिथे पांढुरकी लव दिसते. खरखर एवढ्याच भागात असेल तर तेवढा तुकडा कापून गळ नव्याने बांधणे पुरेसे आहे. सगळा दोरा निस्तेज किंवा खडूसारखा भुरकट झाला असेल, तर रिळाचा वरचा थर उन्हाने गेला असे समजावे. शंका उरली तर गाठ मारून पाहावी. गाठ थुंकीने ओली करून आवळली तरी कमी ताणातच तुटत असेल तर दोरा ठिसूळ झाला आहे. मासा सुटल्यावर तुटलेले टोकही अवश्य पाहावे. ते वेटोळे होऊन कुरळे झाले असेल तर गाठ सरकली होती, दोष दोऱ्याचा नव्हता.

वेटोळ्यांवरून आठवले: रिळावरून सुटताना दोरा गुंडाळ्या धरतो म्हणून पुष्कळजण तो टाकून देतात, आणि त्याचे मला वाईट वाटते. कोरडे नायलॉन साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि ओलावा शोषल्यावर हे तापमान बरेच खाली येते. कोकणच्या दमट हवेत रिळावर घट्ट बसलेला दोरा तोच आकार धरणार, यात नवल नाही. तो कोमट पाण्यात भिजवून हळूहळू ताणला की बराचसा सरळ होतो.

विणीचा दोरा अतिशय लांब रेणूंच्या पॉलिथिलीनचा असतो. तो पाणी शोषत नाही आणि त्याचा रंग उडाला म्हणून ताकद गेली असे होत नाही. वीण पिंजली असेल तरच बदलावा.

फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे हलक्या नकली माशीचा गळ फेकून मासे धरण्याच्या, दोऱ्यात गाभा टिकतो आणि वरचे आवरण आधी जाते. हे आवरण बहुतेक वेळा पीव्हीसीचे असते आणि त्याला लवचीक ठेवणारी द्रव्ये ऊन आणि उष्णतेने हळूहळू निघून जातात. मग आवरण कडक होऊन त्यावर बारीक चिरा पडतात, चिरांतून पाणी गाभ्यात शिरते आणि तरंगणाऱ्या दोऱ्याचे टोक बुडू लागते. धुऊन पुसल्यावरही टोक बुडत असेल तर तो बदलण्याची वेळ आली. डास पळवणाऱ्या मलमातील डीईईटी हे रसायन असे आवरण विरघळवू शकते, म्हणून मलम लावलेल्या हातांनी दोरा हाताळू नये.

मीठ नायलॉनला रासायनिक इजा फारशी करत नाही, पण वाळलेले स्फटिक आणि वाळू दोऱ्याला काचतात आणि रिळाचे धातूचे भाग गंजवतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवले की दोरा पुष्कळ टिकतो. आतला दोरा बहुधा कोराच असतो, त्यामुळे सगळा सोडून उलट्या बाजूने भरला तर तेच रीळ आणखी एक मोसम चालते.

काढलेला दोरा खडपावर किंवा खाडीत टाकू नये. नायलॉन समुद्रात कुजत नाही, आणि वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवे तसेच किनाऱ्यावरचे पक्षी अशा दोऱ्यात अडकू शकतात. त्याचे वीतभर तुकडे करून, बाटलीत बंद करून, सुक्या कचऱ्यात द्यावेत.